काशी सव्वादोन तासांवर

सकाळचं विमान धरून मुंबईहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला काशीत असतो. हवाई अंतर सुमारे १,२५० किलोमीटर. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा छापलेला असतो आणि त्यातलाही काही वेळ मुंबईच्या धावपट्टीकडे रांगेनं सरकण्यातच जातो. बाबतपूरला उतरल्यावर शहर आणखी पंचवीसेक किलोमीटर. तिथून गोदौलियाच्या चौकापर्यंत पोचायला टॅक्सीला गर्दीच्या दिवशी दीड तास सहज लागतो. खानदेश, नर्मदा आणि विंध्याचे डोंगर मिळून जेवढा वेळ घेतात, जवळपास तेवढाच हे शेवटचे पंचवीस किलोमीटर घेतात.

नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-काशी रेघ ओढली, तर ती भुसावळच्या जवळून जाते, नरसिंहपूरच्या आसपास नर्मदा ओलांडते आणि विंध्याच्या पठारावरून गंगेच्या मैदानात उतरते. आगगाडीही थोड्याफार फरकानं हीच वाट धरते: नाशिक, भुसावळ, इटारसी, जबलपूर, कटनी, सतना, मग प्रयागराज. तिला दीड हजार किलोमीटर पडतात. वेळ एक दिवस आणि वर काही तास. पायी निघालेला माणूस रोज पंचवीस किलोमीटर चालला, एकदाही आजारी पडला नाही आणि कुठल्या नदीच्या पुरानं अडला नाही, तर त्याला दोन महिने लागतील.

तिघंही शेवटी एकाच घाटाच्या पायऱ्या उतरतात आणि एकाच पाण्यात बुडी मारतात. मग तिघांना मिळालं ते सारखंच का? की दोन महिने चालत आलेल्याच्या पदरात काही जास्त पडलं?

प्रश्न विमानानंतरचा वाटतो खरा, पण शास्त्रकारांनी तो बैलगाडी समोर ठेवून कधीच सोडवायला घेतला होता. मत्स्यपुराणातलं प्रयागमाहात्म्य या बाबतीत फार कडक आहे. बैलावर बसून प्रयागला जाणाऱ्याला ते थेट नरकात धाडतं, आणि त्यानं दिलेलं पाणी पितर घेत नाहीत असंही बजावतं. पुढे सरसकट नियम येतो: ऐश्वर्यानं, लोभानं किंवा मोहानं जो वाहनातून तीर्थाला जातो, त्याची यात्रा निष्फळ. मागाहून आलेल्या धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी हा कडकपणा हिशेबात बसवला. वाहनानं अर्धं पुण्य जातं, छत्री आणि पादत्राणांनी त्याच्या निम्मं, वाटेत व्यापार केला तर चारातले तीन हिस्से आणि दान घेतलं तर सगळंच. आणखी एका वचनात वाहनांची प्रतवारीही आहे. बैलगाडीत गोवधाचं पाप, घोड्यावर बसलं तर यात्रा फुकट, माणसांनी वाहिलेल्या पालखीत अर्धं फळ आणि पायी चाललं तर चौपट. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात तीर्थयात्रेची ही सारी चर्चा सविस्तर दिली आहे.

या यादीत विमान कुठे बसवायचं? बैल नाही, घोडा नाही, भोई नाहीत. कुणाच्या मानेवर जू नाही. नरकाचं भय निदान तेवढं तरी कमी.

गंमत अशी, की काशीच्या यात्रेचे नियम ज्यांनी बांधून दिले ती मंडळी मूळची पैठणची. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट गोदाकाठ सोडून काशीला गेले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट यांनी काशी, प्रयाग आणि गया या तीन स्थळांवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ आजही पंचांगकर्त्यांच्या हाताशी असतो. आणि याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ साली उलट्या दिशेनं, काशीहून रायगडावर, शिवराज्याभिषेकाला आले. हे अंतर या घराण्याच्या पायाखालचं होतं. वाहनाबद्दल लिहिताना त्यांच्यासमोर नुसती पोथी नव्हती, रस्ताही होता.

शिवाय वाहन हा शब्द सुटा वाचला तर नियमाचा रोख हुकतो. मत्स्यपुराणानं कारण आधी सांगितलं आहे: ऐश्वर्य, लोभ, मोह. आजारी म्हातारी डोलीत बसली तर तिच्यावर हा ठपका कसा ठेवणार? या कारणाचं मूळ महाभारताच्या वनपर्वात सापडतं. तिथे म्हटलं आहे, की यज्ञ राजांना परवडतात. त्यांना सामग्री लागते, माणसं लागतात, धन लागतं. दरिद्री माणसाला ते जमणारं नाही. त्याच्यासाठी तीर्थयात्रा आहे आणि तिचं फळ यज्ञांहूनही मोठं आहे. म्हणजे तीर्थयात्रा ही मुळात गरिबासाठी काढलेली सोय. रस्त्यावर सावकार आणि कूळ एकाच वेगानं चालतात तोवरच ती टिकते. सावकार पालखीत बसून पुढे निघाला, की वाटेवरही घरातलीच उतरंड उभी राहते.

२०२५च्या महाकुंभात या जुन्या वचनाला अगदी ताजं उदाहरण मिळालं. जानेवारीत प्रयागराजच्या विमानांची भाडी इतकी भडकली, की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कंपन्यांना बोलावून दर आवरायला सांगावं लागलं. पर्वणी जवळ येईल तसं तिकीट महाग. गरिबाचा यज्ञ लिलावात निघाला, असं कुणी म्हटलं तर त्याला खोडून काढणं अवघड आहे. मात्र दोष विमानाच्या वेगाला द्यायचा की त्या वेगावर लावलेल्या भावाला, हे वेगळं करून बघायला हवं. मत्स्यपुराणाचा कल दुसऱ्या बाजूला दिसतो.

आता अंतराकडे. जुनं माप क्रोश, म्हणजे आपला कोस. क्रोश या शब्दाचा अर्थच हाक, आरोळी. माणसाच्या आवाजावरून नाव पडलेलं हे माप. वैमानिक मोजतो ते नॉटिकल मैलात, आणि तो मैल पृथ्वीच्या परिघावरून आला: अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. मुंबई-काशी सुमारे ६७५ नॉटिकल मैल. एका मापात माणसाचा गळा आहे, दुसऱ्यात पृथ्वीचा गोल. पहिल्या मापानं मोजलेली वाट माणसांनी भरलेली असते, कारण हाक मारायची तर ऐकणारा हवा.

गयेच्या यात्रेचा जो विधी सांगितला आहे, त्यात निघण्याची तऱ्हा मोठी विलक्षण आहे. घरी श्राद्ध करायचं, यात्रेकरूचा वेष चढवायचा, गावाला प्रदक्षिणा घालायची आणि शेजारच्या गावात जाऊन श्राद्धाचं उरलेलं अन्न जेवायचं. पहिल्या दिवशी एवढंच. शेकडो कोसांच्या प्रवासाची सुरुवात जेमतेम कोसभर चालण्यानं. घर सुटलं आहे हे अंगात मुरायला एक रात्र दिलेली. त्यानंतर गयेकडे पडणाऱ्या प्रत्येक पावलाला अश्वमेधाचं फळ सांगितलं आहे. विमानात दरवाज्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत चाळीसेक पावलं भरतात. तेवढे अश्वमेध पदरात पाडून घ्यायचे असतील तर मागची सीट मागावी.

थट्टा सोडून पावलांचा हिशेब बघायचा तर पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडशांकडे जावं लागतं. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी वार्ता आली आणि घरचं कर्ज फेडायला हा तरुण भिक्षुक काकांबरोबर १८५७ साली उत्तरेला निघाला. पुढे काय झालं ते ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. बंडाचा वणवा पेटला, झाशीच्या वेढ्यात ते सापडले, मिळवलेलं लुटलं गेलं. घरी परतायला अडीच-तीन वर्षं गेली. परतले तेव्हा खांद्यावर गंगेची कावड होती. चिंतामण विनायक वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली छापलं नसतं, तर झाशीचा तो वेढा मराठी माणसाला इतक्या जवळून दिसला नसता.

निबंधकारांचा हिशेब लावला तर गोडशांच्या खात्यावर शून्य शिल्लक राहते. ते दान घ्यायलाच निघाले होते आणि दान घेणाऱ्याचं तर सगळंच पुण्य जातं! पण कुठलाही मराठी वाचक हा ताळेबंद मान्य करणार नाही. वाटेनं त्या माणसाचं जे केलं, ते या कोष्टकात बसत नाही.

एकनाथांची गोष्ट तर घराघरात ठाऊक आहे. रामेश्वराला वाहायला नेलेलं गंगेचं पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घातलं. ही गोष्ट नेहमी भूतदयेची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण तिच्यात अंतराचं गणितही दडलेलं आहे. ते पाणी इतकं मोलाचं का होतं? शेकडो कोस खांद्यावरून आलं म्हणून. मागे नदी राहिली ती फार दूर, पुढे देव आहे तोही दूर. अशा मधल्याच जागी गाढव भेटलं. काशीच्या घाटावर तांब्याभर पाणी गाढवाला पाजलं असतं, तर कुणी लक्षात ठेवलं नसतं. गाढव भेटतं ते मधे, आणि विमानानं नेमकी ही मधली जागा काढून टाकली आहे. अकरा हजार मीटरवरून भुसावळच्या रस्त्यावर कोण तहानलेलं आहे हे दिसत नाही. अहिल्याबाईंनी काशीला विश्वनाथाचं देऊळ १७८० साली पुन्हा उभं केलं ते सर्वांना आठवतं. त्यांनी जागोजागी बांधलेल्या विहिरी आणि धर्मशाळा मात्र या मधल्या जागेसाठीच होत्या.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की निकाल पायी चालणाऱ्याच्या बाजूनं लागला. पण त्याच शास्त्रात एक वचन असं आहे, की तिथे पायी निघालेला सपशेल हरतो.

मेलेल्या माणसाच्या अस्थी दहा दिवसांच्या आत गंगेत पडल्या, तर त्याला गंगाकाठीच मरण आल्याचं फळ मिळतं, असं ते वचन सांगतं. दहा दिवस! वाराणसी-प्रयागच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे सोपं. मुंबईच्या, पैठणच्या, पेणच्या माणसाला दोन महिन्यांची वाट दहा दिवसांत कशी तुडवता येणार? वचन दख्खनच्या माणसाला बांधत होतं आणि भूगोल त्याला ते पाळू देत नव्हता. म्हणून कुणी नाशिकच्या रामकुंडावर गेलं, कुणी अस्थी झाडाला बांधून ठेवल्या आणि गावातलं कोणी काशीला निघालं की त्याच्या हाती सोपवल्या. तो परत येईपर्यंत वर्षश्राद्ध होऊन गेलेलं असायचं.

ही कोंडी आधी आगगाडीनं फोडली. १८७० च्या मार्चमध्ये जबलपूरला लोहमार्ग जुळले आणि मुंबईहून गंगेच्या मैदानापर्यंत सलग गाडी धावू लागली. तरी एक अडचण उरली. पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंतचे विधी ज्यानं करायचे, त्याच मुलानं गाडीनं काशीला जाऊन यायचं म्हटलं तर तीन-चार दिवस मोडतात. विमानात ते एका दिवसात बसतं. न्यू जर्सीहून तिसऱ्या दिवशी पोचलेला मुलगा पाचव्या दिवशी सकाळी काशीला जाऊन रात्री परत येऊ शकतो आणि दहाव्याला काकस्पर्शासाठी घाटावर हजर असतो.

मुंबई विमानतळाच्या तपासणीच्या पट्ट्यावर असा माणूस ओळखू येतो. दाढी वाढलेली, डोकं नुकतंच भादरलेलं, पाठीवर सॅक नाही तर छातीशी धरलेली कापडी पिशवी. लॅपटॉप, पट्टा, पाकीट ट्रेमध्ये पटापट टाकणाऱ्यांच्या रांगेत तो पिशवी ट्रेमध्ये ठेवताना थबकतो. पिशवी यंत्रातून पलीकडे जाते तेवढे चार क्षण वडील एकटे असतात. पडद्यापाशी बसलेला जवान काय आहे विचारतो, उत्तर ऐकतो, दाखल्यावर नजर टाकतो आणि बहुधा आवाज खाली आणून ‘जाइए’ म्हणतो. मग ते गाठोडं आसनाखाली ठेवायचं की मांडीवर घ्यायचं, असा प्रश्न पडतो. पायाशी ठेवणं बरं वाटत नाही.

या माणसाला ‘वाहनानं अर्धं फळ गेलं’ असं सांगायला कोण धजेल? इथे वचनच घाई करतं आहे. एकाच शास्त्रात तीच वाट दोन मापांनी मोजलेली दिसते. जिवंत माणसाची यात्रा पावलांत, मेलेल्याची दिवसांत. दोन्ही मापं एकमेकांविरुद्ध नाहीत. जिवंत माणसाला वाटेत बदलायचं असतं. त्याचा वेळ काढून घेतला तर त्याचं काही उरत नाही. मेलेल्याला वाटेत काही व्हायचं नसतं, त्याला फक्त पोचायचं असतं. म्हणून विमान अस्थींसाठी शास्त्रशुद्ध आणि ते हाती धरून बसलेल्या मुलासाठी मात्र अपुरं. दोघं एकाच तिकिटावर, एकाच आसनावर.

इतर वाटांवरही हाच झगडा दिसतो. कुराणात हजला येणाऱ्यांचं वर्णन करताना पायी येणारे आहेत आणि लांबच्या प्रवासानं कृश झालेल्या उंटांवरून येणारेही आहेत. वाहनाला तिथे मज्जाव नाही. महत्त्व आहे ते सीमेला. ‘मीकात’ ही ती रेषा, तिच्याआधी इहरामची वस्त्रं अंगावर हवीत. मुंबईहून जेद्दाला जहाजं जात, तेव्हा यलमलम या मीकातच्या समोर जहाज आलं की खलाशी वर्दी देत. ही जहाजं १९९५ साली बंद झाली. आता मुंबई-जेद्दा साडेतीन हजार किलोमीटर पाचेक तासांत होतात, मीकातची सूचना विमानातल्या ध्वनिक्षेपकावरून मिळते, आणि ती रेषा चुकू नये म्हणून कित्येक जण मुंबईतच इहराम बांधून विमानात चढतात. अंतर आटलं, पण उंबरठा हलला नाही.

आणि आळंदी? २०२०च्या मे महिन्यात महामारीमुळे पायी वारी रद्द झाली, तेव्हा सरकारनं सांगितलं की पादुका हेलिकॉप्टर, विमान किंवा बसनं पंढरपूरला नेल्या जातील. वारकऱ्यांनी जे केलं ते पाहण्यासारखं आहे. १३ जूनला आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुकांचं प्रस्थान रीतसर झालं आणि पादुका आळंदीतच मुक्कामाला राहिल्या. एरवी सासवड, जेजुरी, फलटण करत जे दिवस गेले असते, ते जागच्या जागी भजन-कीर्तनात काढले. ३० जूनला, दशमीला, एसटीच्या सजवलेल्या बसमधून सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता काही तासांत ओलांडला. हेलिकॉप्टर कुणालाच लागलं नाही. रस्ता सोडावा लागला तरी दिवस सोडले नाहीत. धर्मशास्त्राचा एकही ग्रंथ न उघडता अंतर आणि वेळ यांची अशी फारकत करून दाखवणारं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

हाच तोडगा काशीलाही आहे आणि तो फार जुना आहे. पंचक्रोशी यात्रा. मणिकर्णिकेवर स्नान करून निघायचं आणि कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे मुक्काम करत परत मणिकर्णिकेलाच यायचं. सुमारे ८० किलोमीटर, अनवाणी, पाच दिवस. महाशिवरात्रीला तरुण पोरं ती एका रात्रीत उरकतात, म्हणजे घाई काही विमानानंच आणली असं नाही. पण रीत पाच दिवसांची. या फेरीच्या आत ते काशीक्षेत्र. बाबतपूरचा विमानतळ त्याच्या बाहेर पडतो. म्हणजे कुठलंच विमान कुणालाही काशीत उतरवत नाही. ते काशीच्या शिवेबाहेर सोडतं. आत कसं शिरायचं ते ज्याचं त्यानं बघायचं.

अस्थी घेऊन जाणाऱ्यांनी विमान कंपनीला आधी विचारून घ्यावं, मृत्यूचा दाखला आणि स्मशानातली पावती पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावी आणि त्याच दिवशी परतावं. घरी दहावा वाट पाहत असतो. जे नुसते दर्शनाला निघाले आहेत, त्यांनी जातानाचं तिकीट खुशाल विमानाचं काढावं. परतीचं मात्र निदान सहा दिवसांनंतरचं असावं.